टेकडी पोखरा, पण जरा पर्यावरणपूरक

भाऊ, खाणपट्टा मंजूर झाला, पेढे वाटून झाले, आता खरं काम सुरू. मराठवाड्याच्या उत्तर कडेला, कन्नड-सोयगावच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेत थोडंफार जंगल अजून उभं आहे. साग, सालई, धावडा, पळस; रोही आणि मोर. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन १ टक्काही नाही. त्या मानानं तुम्ही गर्भश्रीमंत, आणि श्रीमंतानं खर्चाला कशाला घाबरायचं?

फक्त हल्ली विकास एकट्यानं करायचा नसतो, पर्यावरणाला सोबत घ्यावं लागतं. घ्या. कुठं बसवायचं ते आपल्या हातात आहे.

आधी मोजणीचं बघा. पट्टा ५ हेक्टरच्या आत असला की कागद हलके होतात. २० हेक्टरचा डोंगर असेल तर एक तुकडा तुमचा, एक मेव्हण्याचा, एक चुलत्याचा आणि एक अशा सालगड्याच्या नावावर, ज्याला आपण खाणमालक झालोय हे अजून कळलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली दीपक कुमार खटल्यात ही तुकडेबाजी ओळखली आणि ५ हेक्टरच्या आतल्यांनाही पर्यावरण मंजुरी लावली. २०१६ साली तर एकमेकांपासून ५०० मीटरच्या आतले पट्टे एकत्र धरायचा नियम आला. येऊ द्या. टेप आपल्याकडंही आहे. मधे ५१० मीटर सोडा, हायवा ट्रक वळवायला जागा होते.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्याजवळ असाल तर अजून जपून. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकामाला बंदी आहे. तो हजारावा मीटर अगदी श्रद्धेनं पाळा. बिबट्या अकराशेव्या मीटरवर आला तर चूक त्याची, त्यानं नकाशा बघायला हवा होता.

झाडांची काळजी नको. वनजमीन गेली तर बदल्यात तेवढीच बिगरवनजमीन, नाहीतर दुप्पट उजाड वनजमीन घेऊन झाडं लावायची, एवढंच. जवळ जमीन नाही मिळाली तर लांबची चालते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी; पण बंबाची पावती फाईलला जोडलेली असली म्हणजे झालं. साग लावायच्या भानगडीत पडू नका, गिरिपुष्प लावा, फोटोत लवकर हिरवं दिसतं. सरकारनं २०१९ च्या एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता, तिथं तुमची पाचशे रोपं कोण मोजत बसणार? खडीकेंद्राच्या फाटकाशी ‘हरित पट्टा’ असा फलक मात्र हवाच. त्याखालची कण्हेर धुळीनं पांढरी पडेल, शेजारच्या शिवारातला कापूस मळका म्हणून व्यापारी भाव पाडेल. फलक दरसाल रंगवत जा.

आता अडचणीचं बोलू. ग्रामसभेत एखादा म्हातारा उठतोच. तो म्हणेल, ‘‘मालक, आपल्याकडं खाली काळा पाषाण. त्यात पाणी मुरत नाही. मुरतं ते वरच्या मुरमात अन् फटींत. तिथून झिरपत झिरपत विहिरीत उतरतं. अन् तुम्ही नेमका मुरूमच इकायलेत.’’ म्हातारा बरोबर बोलतोय, म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. सत्कार करा, शाल द्या. मुरूम ब्रासवर मोजतात, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि रॉयल्टी भरायची ती त्याची. त्यात थांबलेल्या पाण्याची पावती कुठल्याच कचेरीत फाडत नाहीत. कुणी शिकलेला पोरगा म्हणेल, याच डोंगरात पूर्णा उगम पावते, तीच पुढं येलदरी धरणात अडवलीय, खालची गावं तिच्यावर पाणी पितात. त्याला सांगा, येलदरी लांब आहे. फारच ताणलं तर लातूरचा दाखला द्या. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्याच गाडीत ५ लाख लिटर. अडलं का कुणाचं?

सुरुंगानं विहिरीचा झरा फिरला, घराच्या भिंतीला चीर गेली, अशा तक्रारी येतील. चीर जुनीच आहे असं पंचनाम्यात आलं पाहिजे. परवान्यापेक्षा जास्त उपसा सापडला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऐकायला भयंकर वाटतं. पण आधी उपसा मोजावा लागतो, आणि त्या खड्ड्यात टेप घेऊन उतरायला साहेबाला मुहूर्त लागतो. तोवर पावसाळा येतो, खड्डा भरतो. भरलेल्या खड्ड्याला पाझर तलाव म्हणा. पुढाऱ्याला बोलावून जलपूजन करा. हार बाहेरूनच मागवा.

फेब्रुवारीत तो आटेल आणि गावाच्या विहिरीही. घाबरू नका, हाच तुमचा दुसरा हंगाम. टँकरचं टेंडर निघेल, ते भरा. हायवावरचे ड्रायव्हरच टँकरवर घ्या, त्यांना गावातले सगळे रस्ते पाठ झालेले असतात.