हाय-रिझोल्यूशन सीआरटीवर कुठलाही जुना गेम कन्सोल चालतो? नाही हो

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मोठ्या रिझोल्यूशनचा जुना सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचा, जाडजूड) मॉनिटर उचला, कन्सोल लावा, टीव्हीपेक्षा भारी दिसेल. प्लीज असं वाचून पैसे घालवू नका.

मेगा ड्राइव्ह, प्लेस्टेशन १, आपल्याकडचे ते कार्ट्रिजवाले टीव्ही गेम, हे सगळे साधारण १५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार आडव्या ओळींचा, सिग्नल देतात आणि कॉम्प्युटरचा बहुतेक सीआरटी सुरूच होतो ३० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे नुसता प्लग बदलून चित्र येणारच नाही, मध्ये लाइन डबलर किंवा स्केलर (ओळी वाढवून सिग्नल मॉनिटरजोगा करणारा डबा) हवा आणि तो खर्च आधी धरा. ड्रीमकास्ट कन्सोल वेगळा, तो व्हीजीए (कॉम्प्युटर मॉनिटरच्या) केबलने ३१ किलोहर्ट्झ देतो, बहुतेक गेम मस्त चालतात. डॉसचे (जुन्या पीसीवरचे) ३२०×२०० वाले गेमही व्हीजीए कार्डच ओळी दुप्पट करून ७० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७० वेळा चित्र, पाठवतं, तिथे हाच मॉनिटर योग्य.

दुसरं, बॉक्सवरचा १६००×१२०० आकडा बघून भाव देऊ नका. सीआरटीला एलसीडीसारखं ठरलेलं रिझोल्यूशन नसतं, खरी मर्यादा हॉरिझाँटल फ्रिक्वेन्सीची (वर सांगितलेले किलोहर्ट्झ), १६००×१२०० ला ८५ हर्ट्झ हवं तर जवळपास १०६ किलोहर्ट्झ लागतात. सोनीच्या जीडीएम-एफडब्ल्यू९०० या सीआरटी मॉनिटरचं मोठं नाव आहे, तो १२१ किलोहर्ट्झपर्यंत जातो, पण ६४०×४८० च्या गेमसाठी एवढं लागतच नाही.

आणि ट्रिनिट्रॉन (सोनीची पिक्चर ट्यूब) असलेल्या मॉनिटरवर आडव्या एक-दोन बारीक रेषा दिसल्या तर तो बिघाड नाही, आतल्या तारांची सावली आहे. दुकानात अर्धा तास चालू ठेवून फोकस आणि ब्राइटनेस मात्र नक्की बघा.