हळद-लसणाच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार सर,

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण रागात काहीतरी तिखट लिहिलं गेलं असतं म्हणून आज सकाळी शेडवरचं सगळं उरकून लिहितोय. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या खाद्यात हळद, लसूण, ओवा मिसळण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणताय "आजीबाईचा बटवा विकून गरीब शेतकऱ्याला फसवू नका".

विकून? मी काय विकलं सर? पोस्टमध्ये कुठल्या ब्रँडचं नाव नाही, फोन नंबर नाही. तुम्ही हळद सांगलीच्या बाजारातून आणा नाहीतर घरची दळा, मला त्यातला एक रुपया मिळत नाही. आणि फसवणं म्हणजे काय ते मला शिकवू नका. माझे वडील कंपनीच्या करारावर पक्षी पाळायचे, खाद्याच्या गोण्या यायच्या, यात काय घातलंय विचारलं की सुपरवायझर म्हणायचा तुम्हाला काय करायचंय, पक्षी वाढतोय ना. वाढीसाठी रोज थोडं थोडं अँटिबायोटिक त्यातून जात होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. युरोपात हा प्रकार १ जानेवारी २००६ पासून बंद आहे, आपल्याकडे नुसत्या कोलिस्टिन या एका अँटिबायोटिकवर बंदी यायला २०१९ उजाडलं. तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने तुम्ही काही लिहिलं होतं का?

आता करार सोडून मी स्वतः मका दळतो. टनाला पाच किलो हळद, ती आधी थोड्या भरड्यात हाताने कालवायची आणि मगच मिक्सरला टाकायची, नाहीतर गोळे होतात. पेलेटवर, म्हणजे खाद्याच्या दाबलेल्या गोळ्यांवर, वरून भुरभुरली तर फीडरच्या तळाला पिवळा थर बसतो आणि पक्षी वरचे दाणे टिपून मोकळे. हे खुर्चीत बसून नाही कळत सर, त्यासाठी तुसात उभं राहावं लागतं.

ओव्यातला थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतो, हळदीतलं कुरकुमिन अंगात नीट शोषलं जात नाही म्हणून सोबत चिमूटभर काळी मिरी, यात बटवा कुठे आला?

एक गोष्ट मान्य, हळदीच्या प्रत्येक लॉटमध्ये कुरकुमिन सारखं नसतं, त्यामुळे माझ्याकडे जे दिसलं ते सगळ्यांकडे तसंच दिसेल असं नाही. बाकी कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी हे काही न दिलेले पक्षी, कुठे आहे वगैरे जे विचारलंय, तर माझं हे पोटापाण्याचं शेड आहे, कॉलेजची लॅब नाही. मांसाला लसणाचा वास येतो म्हणता, माझ्या एकाही गिऱ्हाइकाने कधी तसं म्हटलेलं नाही, विषय संपला.

आणि रक्ती हगवण लागली तर हळद चारत बसा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा डॉक्टरच बोलवायचा, राणीखेत-गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांची लस चुकवायची नाही, हे पोस्टच्या दुसऱ्याच पॅराग्राफमध्ये आहे. पुढच्या वेळी कमेंट टाकायच्या आधी निदान तेवढं तरी वाचा.