स्कॅन केलं म्हणून मूळ कागद टाकू नका

"जुनी पत्रं, फोटो मोबाइलवर स्कॅन करा, महत्त्वाचे कागद लॅमिनेट करा, बाकीचा पसारा टाकून द्या." हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. घर आवरायला बसलेल्या माणसाला तो पटतोही. पण त्यामुळे परत न मिळणाऱ्या गोष्टी जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"स्कॅन केला की मूळ कागदाचं काम संपलं." नाही संपत. माझ्याकडे लग्नातला एक ग्रुप फोटो आहे. मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावं आहेत आणि त्यातलं एक खोडून तिथे दुसरं लिहिलंय. फोटो तिरप्या उजेडात धरला की खोडलेल्या नावाचा दाब उमटलेला दिसतो. स्कॅनमध्ये तिथे नुसता करडा डाग आहे. ते नाव का खोडलं, हा प्रश्नच मुळात त्या दाबामुळे पडला.

शिवाय फाइल टिकेल याची खात्री काय? इंग्लंडची १०८६ सालची 'डूम्सडे' ही जमीन-मालमत्तेची नोंदवही चर्मपत्रावर आहे, आजही वाचता येते. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने लेसरडिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या मोठ्या तबकडीवर, नवी नोंदवही केली. वीस वर्षं व्हायच्या आतच ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि आतला मजकूर वाचवायला वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. स्कॅन जरूर करा, दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे मूळ कागद सारखा हाताळावा लागणार नाही.

"लॅमिनेट केलं की कागद कायमचा टिकतो." हा सल्ला सर्वांत घातक. उष्णतेने वितळलेला थर कागदात मुरतो, कागद ठिसूळ करणारं त्यातलंच आम्ल आत अडकून राहतं आणि प्लॅस्टिक सुखरूप काढता येत नाही. जतनाचं काम करणारे आधी हेच बघतात, की केलेला उपाय उद्या मागे घेता येईल का. चिकटपट्टीचंही तेच, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. त्यापेक्षा आम्लविरहित कागदाचा लिफाफा आणि कोरडं, थंड, अंधारं कपाट पुरेसं आहे. माळा नको, तिथे उष्णता फार.

"बाकीचा पसारा." पत्रांबरोबर बांधलेली पावती फालतू वाटते, पण तारीख नसलेल्या पत्राचा काळ कित्येकदा तीच सांगते. म्हणून गठ्ठा सोडण्याआधी, आहे तसाच, त्याचा एक फोटो काढून ठेवा.