‘स्वतः जेवून उठलेल्यांनी पुढची पंगत उठवू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वसतिगृहांवर राज्याच्या किनारा आयोगाचा अंकुश कायम राहिला पाहिजे, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. परवान्यांच्या दिरंगाईने बांधकाम महागते, किनारा विभागाची, म्हणजे आयोगाचा अधिकार चालतो त्या पट्ट्याची, हद्द मी चुकीची सांगितली, 2021 साली आपल्या कन्येला विद्यापीठाने हॉटेलात ठेवले, कोकणात सीआरझेडने (किनारी बांधकामांवरील भारतीय नियमांनी) कुणाचे भले झाले, आणि शेवटी, ‘स्वतः जेवून उठलेल्यांनी पुढची पंगत उठवू नये.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु आधीची वाक्ये विषयाला धरून लिहायची आणि शेवटचे केवळ बोचकारण्यासाठी, यामुळे साऱ्याच मजकुराचा सूर कसा बिघडतो, हे आपल्यासारख्या जाणत्या वाचकाला सांगावे लागू नये.

हद्दीचा मुद्दा मान्य. हा विभाग सर्वत्र सारख्या रुंदीचा नसतो. काही ठिकाणी तो काही मैल आत शिरतो, तर शहरी भागात बराच अरुंद होतो. माझे वाक्य सरधोपट होते. मात्र ज्या विद्यापीठाविषयी आपण बोलत आहोत, त्याचे बहुतांश आवार या विभागातच मोडत असल्यामुळे युक्तिवादाला त्याने काडीचाही धक्का लागत नाही.

आता पंगतीकडे, म्हणजे तिथे राहण्याचा लाभ स्वतः घेऊन मी इतरांना अडवतो या आरोपाकडे, वळतो. मी तिथे काय जेवलो, हे आपल्याला ठाऊक नाही, तरीही आपण ते ठामपणे लिहिलेत. विद्यापीठाला खेटून असलेल्या इस्ला व्हिस्टात, दोन शयनगृहांच्या घरात आम्ही पाचजण राहत होतो, त्यांतला एक दिवाणखान्यात पडद्यामागे झोपत असे, आणि घर सोडताना मालकाने भिंती रंगवण्याच्या नावाखाली आमची अनामत जवळजवळ पूर्ण कापून घेतली. एका चौरस मैलाहूनही लहान असलेल्या त्या वस्तीत हजारो विद्यार्थी कसे कोंबलेले असतात, हे मला आकडेवारीतून शिकावे लागलेले नाही. समुद्राकडील डेल प्लाया रस्त्यावर लाटा कडा खात येतात, तसतसे घरांचे मागचे सज्जे कापून टाकावे लागतात. 2024 मध्ये कडा कोसळल्यावर तेथील भाडेकरूंना घर सोडावे लागले. त्यांतली बरीच घरे 1976 च्या किनारा कायद्याच्या आधीची आहेत. नियम नसताना, मागणी पाहून कड्याच्या टोकापर्यंत बांधले की काय होते, ते मी राहून पाहिले आहे. यालाच आपण जेवून उठणे म्हणत असाल, तर आपल्या पंगती फारच वेगळ्या असल्या पाहिजेत.

पंगत उठवली कोणी, हेही पाहू. विद्यापीठाच्या 2010 च्या दीर्घकालीन विकास आराखड्याला आयोगाने 2014 मध्ये मान्यता दिली. प्रवेशसंख्या 25,000 पर्यंत नेण्याची मुभा त्यात होती आणि वाढणाऱ्या सुमारे 5,000 विद्यार्थ्यांची निवासव्यवस्था विद्यापीठाने स्वतः करावी, हे त्याच्या जोडीला होते. म्हणजे आयोगाने खाटा नाकारल्या नाहीत, खाटांसह वाढीला होकार दिला. विद्यार्थी आले. 2017 मध्ये सॅन होआकीन या निवाससंकुलात सुमारे 1,000 खाटा झाल्या आणि त्यानंतर विद्यापीठाने आपली सारी भिस्त मुंगर हॉल या नियोजित वसतिगृहावर ठेवली. अकरा मजले, सुमारे 4,500 विद्यार्थी आणि बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही, असा तो आराखडा देणगीदार चार्ली मुंगर यांनी स्वतः आखलेला होता. सल्लागार समितीवरील वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी 2021 मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला, तरी विद्यापीठ हटले नाही. 2023 मध्ये तो नाद सोडून सॅन बेनिटोसारखे साधे निवासप्रकल्प हाती घेतले गेले. ती वर्षे आयोगाने खाल्ली, की अब्जाधीशाच्या हट्टापुढे मान तुकवणाऱ्या प्रशासनाने? दिलेला शब्द पाळला नाही म्हणून विद्यापीठाला न्यायालयात खेचले, तेही शेजारच्या गोलेटा शहराने आणि सांता बार्बरा काउंटीने.

येथेच माझा मूळ मुद्दा होता, ज्याला आपण स्पर्शही केलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाला राज्यघटनेनेच स्वायत्तता दिलेली असल्यामुळे शहराचे किंवा काउंटीचे झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधावे याचे नियम, त्याच्या शैक्षणिक बांधकामांना सहसा लागू होत नाही. नगरपालिका ज्याला अडवू शकत नाही, त्याला बाहेरून जाब विचारणाऱ्या मोजक्या संस्थांत किनारा आयोग येतो. विद्यापीठालगतच्या कोल ऑइल पॉइंट किनाऱ्याच्या वाळूत घरटी करणारा चिमुकला स्नोई प्लव्हर पक्षी असो किंवा सर्वांसाठी खुली राहायला हवी अशी समुद्राकडे जाणारी पायवाट असो, त्यांच्या बाजूने बोलणारे त्या टेबलावर दुसरे कोण आहे? आपल्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. माझ्या नीयतीवर शिंतोडे उडवून तो टाळू नये.

आपल्या कन्येला सोसाव्या लागलेल्या गैरसोयीबद्दल मला वाईट वाटते, पण त्याचे कारण वरच आले आहे. खर्चाविषयी आपण एकही आकडा दिलेला नाही, त्यामुळे उत्तर काय देणार? आणि सीआरझेडची तुलना येथे बसत नाही. ती केंद्रीय मंत्रालयाची 1991 ची अधिसूचना, जिची जागा 2011 आणि पुन्हा 2019 मध्ये नव्या अधिसूचनांनी घेतली. कॅलिफोर्नियातील आयोग मात्र 1972 च्या जनमतातून, म्हणजे मतदारांच्या हातून, जन्माला आला.

सॅन दिएगोचे आमदार डेव्हिड अल्वारेझ यांनी 2025 मध्ये विद्यापीठीय निवासांबाबत आयोगाच्या अधिकारांना मर्यादा घालणारे विधेयक मांडले, त्याचे आपण प्रतिक्रियेत तोंड भरून कौतुक केले आहे. मग एवढेच सांगा: 2014 च्या मान्यतेतील कोणती अट काढून टाकली असती, तर आपल्या कन्येला 2021 मध्ये खोली मिळाली असती? उत्तर याच पानावर, याच नावाने द्यावे; पंगतीचा दाखला पुन्हा आला, तर तो प्रसिद्ध होणार नाही.