कपाटाच्या दाराआतला कागद

आज दुपारी शेजारच्या काकू आमसुलं मागायला आल्या. मी फोनवर होते. "घ्या ना काकू, ओट्यावरच्या कपाटात बरणी आहे," म्हणाले. त्यांनी दार उघडलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेला माझा कागद उभ्या उभ्या अख्खा वाचला.

"अगं बाई, मन सांभाळायचं टाइमटेबल? आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही. कामाला लागलं की मन आपोआप थाऱ्यावर येतं."

आणि मी काय म्हणाले? "भाचीचा शाळेचा प्रोजेक्ट आहे हो."

दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितेय.

काकूंच्या फ्रिजवर काकांच्या शुगरचा तक्ता आहे. उपाशीपोटी किती, जेवल्यावर किती, इन्सुलिन कधी, शुगर उतरून घाम फुटला तर आधी साखर द्यायची, मग डॉक्टरांना फोन. आल्यागेल्या सगळ्यांना तो दिसतो. हसलंय कोणी आजवर? उलट "किती व्यवस्थित ठेवलंय" म्हणून कौतुक होतं. मग माझाच कागद दाराआड का?

तो कागद मी आणि ताईने दीड वर्षापूर्वी एका रविवारी बसून लिहिला. त्याआधीचे चार महिने मी "जेवले" म्हणून खोटं सांगत होते. रात्री तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. रोज तळजाईची टेकडी चढणारी मी, आणि बूट दाराशी धूळ खात पडलेले. मला स्वतःला काही कळलंच नाही. "मार्च एंड आहे, थकलेय," एवढंच म्हणायचे. मार्च संपून जून आला तरी तेच. ताईला कळलं, तेही मी तिच्या वाढदिवसाला फोन केला नाही तेव्हा.

औषधं सुरू झाली, झोप लागायला लागली. मग समुपदेशक म्हणाल्या, आता बरं वाटतंय ना, मग आत्ताच लिहून ठेवा. पुन्हा खाली गेलात तर तेव्हा तुम्हाला सुचणार नाही. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये मेरी एलन कोपलंड आणि स्वतः आजारातून गेलेल्या काही जणांनी १९९७ मध्ये अशा आराखड्याची पद्धत बसवली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. रोज काय केलं की मी बरी असते. कशाने बिनसतं. बिनसायला लागलं की पहिली खूण कोणती. हाताबाहेर गेलं तर कोणी काय करायचं. आणि सावरल्यावर कामावर परत कसं यायचं.

खुणांचा भाग लिहायला दोन तास लागले. मी "उदास वाटतं" असं लिहिलं, ताईने ते खोडलं. म्हणाली, "हे मला बाहेरून कसं दिसणार? दिसेल असं लिही." मग लिहिलं: बूट दोन दिवस जागचे हलले नाहीत. चहा पुन्हा पुन्हा गरम करते. ताईचा फोन उचलत नाही. त्याखाली ताईच्या अक्षरात: 'तीनपैकी दोन दिसल्या तर मी न विचारता येणार आणि तू चिडायचं नाहीस.' गेल्या पावसाळ्यात ती तशी आली. मी चिडले. तिने न बोलता कपाटाचं दार उघडून दाखवलं.

कागदाने आजार जात नाही, मान्य. माझ्या गोळ्या चालूच आहेत. आणि सगळ्यांना ताई नसते, हेही मान्य.

पण "पॉझिटिव्ह विचार करा" असले फॉरवर्ड रोज सकाळी ढकलणाऱ्यांनी एकदा तरी असं बसून लिहून बघावं! आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही कुठल्याही सज्ञान माणसाला हक्क दिलाय: आजारपणात माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवायचा. कायद्याला जे कळलं ते आपल्या घराघरात का कळू नये?

काकूंवर राग होता, लिहिता लिहिता उतरला. त्या चार महिन्यांत याच काकूंनी कितीदा तरी न विचारता आमटीभात आणून दिला होता. डबा रिकामा परत करताना मी कधी काही बोलले नाही. त्यांना सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं? राग खरं तर त्या "भाचीचा प्रोजेक्ट"चा आहे. दीड वर्ष ज्या कागदाने मला धरून ठेवलं, त्याला मी एका सेकंदात नाकारलं.

संध्याकाळी ताईला सांगितलं. म्हणाली, "मग उद्या आमसुलांचे पैसे नकोत म्हणायला जा आणि खरं सांगून ये." बघू. जाईन बहुतेक.

कोणाला आज रात्रीच बोलायची गरज असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. माझ्या कागदावर ताईच्या नंबरखाली तोच आहे.

साडेदहा वाजत आले. साडेदहानंतर फोन बाहेरच्या खोलीत, असं कागदावर लिहिलंय. कमेंट सकाळी तळजाईहून आल्यावर वाचेन.