आमच्या टाकीत मासे नाहीत

गेल्या रविवारी तिसरी-चौथीतल्या एका मुलाने मला मासे विकत घेऊ दिले नाहीत. पैसे माझे, टाकी माझी, घरही माझंच (बँकेचं जरा जास्त), तरी तासभर उभा राहून मी हात हलवत परत आलो.

टाकी लेकीच्या वाढदिवसाची. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. दुपारी पाणी भरलं, फिल्टर लावला आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानात हजर.

दुकानदार दिलदार. "साहेब, दोन गोल्डफिश, चार एंजल, दहा निऑन, एक फायटर, एक शार्क आणि काच चाटायला एक सकर. टेन्शन नाही." बोलता बोलता त्याने जाळी बुडवून वर काढलीसुद्धा. तिचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं.

"काका, टाकी सायकल केलीय का?"

आवाज माझ्या कमरेच्या उंचीवरून आला. चष्मा, पाठीला कसल्याशा क्लासची सॅक. मला वाटलं याची सायकल माझ्या पायात आलीय. मी बाजूला सरकत म्हणालो, "नाही रे, मी चालत आलोय."

फर्स्टक्लासच्या डब्यात सेकंडचा पास दाखवणाऱ्याकडे टीसी बघतो, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग एकेक शब्द सुटा करून सांगायला लागला. "मासे शी-शू करतात. त्याचा अमोनिया होतो. एक बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी असतात. ते बॅक्टेरिया वाढवणं म्हणजे सायकल, त्याला महिनाभर लागतो. तुमच्याकडे आलेत?"

"आले असतील तर मला कल्पना नाही. मी दिवसभर ऑफिसात असतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आता मागे हटणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "बरं, निऑन तर घेऊ दे."

"एंजल मोठा झाला की निऑन गिळतो."

"मग गोल्डफिश?"

"त्याला गार पाणी लागतं. आणि सगळ्यात जास्त घाण तोच करतो."

"शार्क?"

"ती शार्क नाहीये, पंगास आहे. तीन-चार फूट होते. तुमची टाकी केवढी?"

"दोन फूट."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणिताच्या बाईंनंतर मला इतक्या कमी अक्षरांत कुणी गप्प केलेलं नाही. शिवाय तो पंगास म्हणजे हॉटेलात बासा म्हणून मिळतो, त्याच जातीचा. ऑफिसच्या पार्टीत लिंबू पिळून मी तो दोनदा मागून घेतलाय. कोपऱ्यातल्या टाकीतून तो चंदेरी पोटाचा प्राणी माझ्याकडे ओळख असल्यासारखा बघत होता.

सकरही फूटभर वाढतो म्हणे. घरात मावेनासा झाला की लोक दया येऊन त्याला तळ्यात सोडतात आणि मग तो उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. जाळी फाटते ती त्यांची, पुण्य लागतं ते आपल्याला.

"कोळंबी तरी ठेवू का?" मी शेवटचं विचारलं.

"लाल चेरी चालेल. पण सगळ्यात शेवटी." मग माझ्या पोटाकडे बघत, "खायची नसते ती, काका."

त्याची आई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "सॉरी हां, त्याला सवयच आहे."

मुलावरचा माझा राग ओसरला. दुकानदारावरचा अजून आहे. त्याला यातलं सगळं ठाऊक होतं. मी विचारलं तर म्हणतो, "चालतं हो साहेब, मेले तर परत या, नवे घेऊन जा." त्याच्यामागे फळीवर फायटर एकेका प्लास्टिकच्या पेल्यात उभे. वळायचं तर शेपूट काचेला, सॉरी, प्लास्टिकला घासत होती. मंगळवारपर्यंत बंद पडणारा मिक्सर विकला तर आपण दुकान डोक्यावर घेतो. मासा उलटा तरंगला की मात्र आपल्याच हाताला गुण नाही असं म्हणून मोरीत सोडतो. आणि खरं सांगायचं तर तो मुलगा नसता, तर मी सगळेच्या सगळे घेऊन आलो असतो.

निघताना मुलाने सवलत दिली. "महिन्याने सहा झेब्रा मासे घ्या. आपल्याकडच्या ओढ्यांतलेच आहेत, चिवट असतात. सहाच्या खाली नको, एकटे पडले की घाबरतात." मी अमोनिया मोजायची बाटली आणि माशांचं खाणं घेतलं. दुकानदाराने सुटे नाहीत म्हणून दोन चॉकलेटं दिली. दोन्ही मुलाला दिली. त्याने एक परत केलं.

आता रोज सकाळी मी रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकतो. ते कुजून अमोनिया होतो, त्यावर ते बॅक्टेरिया पोसतात. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब मोजतो आणि खिडकीशी धरून रंग बघतो. काल शेजारच्या काकू आल्या, चष्मा पुसून टाकीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, मासे कुठायत?"

लेक म्हणाली, "अजून नाहीत. बाबा सध्या दगडांना जेवायला घालतोय."