विहिरीत ओतलेले पाणी

१८५४ च्या मुंबईतील पाणीटंचाईवरील एक लेख वाचला; त्यात शहराला पाणी पुरवण्यासाठी नंतर बांधलेल्या विहार तलावाला बरीच जागा मिळाली आहे, परंतु त्या वर्षीच्या तातडीच्या उपायांचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, याची रुखरुख वाटली. सरकारने तेव्हा शहरातील गुरेढोरे पोलिसांकरवी माहीमकडे हलवली आणि बोटींतून व आगगाडीतून पाण्याची हजारो पिपे आणून ती बोरीबंदर, चिंचबंदर व डोंगरी येथील विहिरींत रिकामी केली. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी सुरू झालेली, हे ध्यानात घेतले तर या नव्या वाहनाला किती लवकर पाणक्याचे काम करावे लागले ते कळते!

पाणी दारोदार न वाटता विहिरीत ओतण्याची युक्ती मला विशेष शहाणपणाची वाटते, कारण कळशी घेऊन कुठे जायचे हे लोकांना नव्याने सांगावे लागले नसणार. आमच्या ठाण्यातील सोसायटीतही मे महिन्यात टँकर येतो, तेव्हा त्याचा जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतात; सांध्यातून गळणाऱ्या धारेखाली वॉचमन न चुकता बादली लावून ठेवतो.

विहारचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पूर्ण झाले. मधल्या उन्हाळ्यांत शहराने कसे निभावले, यावर लेखकाने स्वतंत्रपणे लिहावे, अशी विनंती आहे.